पडद्यावर गोकुळ आणणारे दादासाहेब फाळके

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री घरोघरी पाळणा हालतो, सुंठवड्याचा प्रसाद वाटला जातो आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकाल्याला घरातील एखाद्या लहानग्याच्या माथ्यावर मोरपीस खोवून त्याच्या हाती बासरी दिली जाते. ते मूल आपलेच आहे, कालच त्याने दुधाचा पेला उलथला होता, हे आजीला पुरते ठाऊक असते. तरीही ती त्याची दृष्ट काढते आणि पुढे होऊन त्याच्या पावलांना हात लावते. ही आपली फार जुनी रीत. याच रीतीने श्रीकृष्णाला चित्रपटाच्या पडद्यावर आणणारे गृहस्थ म्हणजे दादासाहेब फाळके. आजच्या या मंगल दिनी त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र, गोदावरीचे उगमस्थान आणि घरात संस्कृत विद्येची परंपरा. वडील दाजीशास्त्री हे व्युत्पन्न पंडित होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. मुलाने पित्याची गादी चालवावी अशी घराची अपेक्षा असणार. परंतु धुंडिराजांचे मन ओढले गेले ते रंग, मूर्ती आणि आकृती यांकडे. १८८५ मध्ये ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालील कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण आणि छपाई अशा नाना विद्या हस्तगत केल्या. जादूचे प्रयोग करण्याची कलाही त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून उचलली आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते प्रयोग करू लागले. शास्त्रीबोवांचा मुलगा आणि जादूगार! लोकांच्या भुवया उंचावल्या असतील. पण डोळ्यांना दिसते ते कसे घडवता येते, याचे ज्ञान त्यांना त्या खेळांतून झाले आणि पुढे तेच उपयोगी पडले.

गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला होता. तेथे प्लेगच्या साथीने त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही हिरावून नेली. काही काळाने त्यांचा दुसरा विवाह झाला. ही दुसरी पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. या माउलीचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढील कथेत ते पुनःपुन्हा येणार आहे.

पुराणवस्तू खात्यातील नोकरी, स्वदेशीच्या वाऱ्यात तिचा त्याग, लोणावळ्यास आणि मग मुंबईस छापखाना, रंगीत छपाईचे तंत्र पाहण्यासाठी १९०९ मधील जर्मनीचा प्रवास, भागीदारांशी बेबनाव आणि हातचा धंदा सोडून रिकाम्या हाताने घरी बसणे, इतके सारे पुढील काही वर्षांत घडून गेले. छापखान्यातून बाहेर पडलेल्या या माणसापाशी चाळिशीच्या उंबरठ्यावर कला होती, कुटुंब होते आणि उत्पन्न मात्र नव्हते.

अशा वेळी, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी मूकपट पाहिला. त्या प्रसंगाविषयी दादासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत होते आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. खेळ संपला तेव्हा पुन्हा तिकीट काढून त्यांनी तोच चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो दाखवला. परधर्मीयांच्या देवाविषयी त्यांच्या मनात द्वेष उपजला नाही, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. दुसऱ्याच्या घरची आरास पाहून आपल्या घरच्या देवाची आठवण व्हावी, तसे ते झाले.

त्यानंतर सुरू झाली ती साधना. दिवसा चित्रपट पाहावे, रात्री जागून पुस्तके चाळावीत, खेळण्यातल्या यंत्रावर प्रयोग करावेत, असा क्रम काही महिने चालला. त्या श्रमांनी डोळे दुखावले आणि काही काळ त्यांची दृष्टीच गेली. जो मनुष्य देवाला लोकांच्या डोळ्यांपुढे आणावयास निघाला होता, त्यालाच अंधार आला. मुंबईतील एका डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परतली. त्याच डोळ्यांनी त्यांनी पुन्हा चित्रपट पाहण्यास सुरुवात केली. सरस्वतीबाईंनी काय सोसले असेल, याची कल्पना संसारी वाचकांनीच करावी.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये दादासाहेब लंडनला गेले. तेथे चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी, आणि त्यांच्या ओळखीने हेपवर्थ या निर्मात्याने, या अनोळखी हिंदी माणसाला आपली कार्यशाळा मोकळ्या मनाने दाखवली. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन ते दोन महिन्यांच्या आत परतले. पैसे देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी घरातच एका कुंडीत वाटाण्याचे बी लावले आणि त्याच्या रोपाची वाढ महिनाभराहून अधिक काळ एकेका चित्राने टिपली. पडद्यावर ते रोप क्षणार्धात मातीतून वर आले आणि पाहणारे थक्क झाले. बी रुजताना दाखवून त्यांनी देवाच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवले.

त्यांचे बिऱ्हाड तेव्हा दादरला होते आणि त्या घराचे नाव होते मथुरा भवन. हे नाव त्यांनी ठेवलेले नव्हते, योगायोगच तो. पण श्रीकृष्णाच्या ध्यासाने पेटलेल्या माणसाला राहावयास मथुराच मिळावी, हे वाचून भाविक मनाला बरे वाटते, एवढे खरे. त्या घरात कारखाना म्हणून वेगळी जागा नव्हती. फिल्म कोरी येत असे. तिच्या दोन्ही कडांना भोके पाडावी लागत आणि ते काम अंधारात करावे लागे, कारण प्रकाशाचा एक किरण लागला की सारी गुंडाळी वाया. मुलांना निजवून, दारे-खिडक्या बंद करून सरस्वतीबाई रात्री हे काम करीत. रसायने मिसळणे आणि फिल्म धुणे त्या शिकल्या. विजेचे दिवे नव्हते, चित्रण उन्हातच होई. तेव्हा पात्रांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून त्या भर उन्हात तासन् तास उभ्या राहत. शिवाय सगळ्या मंडळींचा, म्हणजे पन्नासांहून अधिक माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. आणि अंगावरचे दागिनेही त्यांनी काढून दिले. भारतीय चित्रपटाच्या जनकाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या चित्रपटाचे बाळंतपण ज्यांनी केले त्यांचे नाव घेतले जात नाही, याचा आम्हांस खेद वाटतो.

पहिला चित्रपट कृष्णाचा का झाला नाही, असे वाचक विचारतील. आम्हांस वाटते, त्याचे कारण व्यवहाराचे असावे. गोकुळ म्हटले की गाई आल्या, गोप-गोपी आल्या, यमुना आली, कंसाची राजसभा आली. इतका पसारा उसन्या पैशांत कसा मांडावा? सत्त्वपरीक्षेची हरिश्चंद्राची कथा घराघरांत ठाऊक होती आणि ती थोड्या पात्रांत सांगता येत होती. हरिश्चंद्राच्या भूमिकेला दत्तात्रय दाबके मिळाले. तारामतीला मात्र कोणी मिळेना. कुलीन स्त्रिया सोडाच, नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकाही या नव्या खेळात उभ्या राहण्यास तयार होईनात. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळीत स्वयंपाकाचे काम करणाऱ्या अण्णा साळुंखे या तरुणाला त्यांनी तारामती केले. रोहिदास झाला दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र. खाणावळीतला आचारी महाराणी आणि घरचे मूल राजपुत्र, अशी ती राजसभा उभी राहिली.

राजा हरिश्चंद्र हा सुमारे ३,७०० फूट लांबीचा मूकपट २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांना दाखवण्यात आला आणि ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात तो सर्वांसाठी खुला झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक याच चित्रपटगृहात दाखवला गेला होता, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता. त्यामुळे पहिलेपणाचा मान बहुतेक अभ्यासक फाळक्यांकडे देतात. पांडुरंगाच्या भक्तावर एक आणि सत्यवचनी राजावर दुसरा, अशी आपल्या चित्रपटाची सुरुवात झाली. या दोघांतील श्रेष्ठत्वाचा वाद पंडितांनी खुशाल घालावा.

यश मिळताच दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. तेथे प्रथम मोहिनी भस्मासुर तयार झाला आणि त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी पार्वती आणि मोहिनी यांची कामे केली. कमलाबाई पुढे गोखले या आडनावाने रंगभूमीवर आणि चित्रपटांत फार मोठ्या झाल्या. सावित्रीचे आख्यान झाले. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन दादासाहेब पुन्हा लंडनला गेले. तेथेच राहून चित्रपट काढावेत असा आग्रह त्यांना झाला. तो नाकारून ते नाशिकला परतले. पण महायुद्ध पेटले होते, सावकारांनी हात आखडले होते आणि कर्ज डोक्यावर होते. या तंगीतून त्यांना वर काढले ते मारुतिरायाने! १९१७ च्या लंकादहनात राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंख्यांनीच केली. प्रभू रामचंद्र पडद्यावर येताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत. मद्रासकडे तर तिकिटांची नाणी बैलगाडीत घालून पहाऱ्यात न्यावी लागली, असे सांगतात.

१९१८ च्या आरंभी पाच भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. हाती पैसा आला आणि मनात सात-आठ वर्षे दडून राहिलेला बाळकृष्ण बाहेर आला. श्रीकृष्णजन्म हा चित्रपट २४ ऑगस्ट १९१८ रोजी, ऐन श्रावणात, मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. दिवस कसे होते पाहा. महायुद्ध संपलेले नव्हते, महागाई वाढलेली आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत शिरलेली. ज्याचे पहिले घर साथीच्या रोगाने बुडवले होते, त्या माणसाने अशा दिवसांत लोकांना कृष्णजन्म दाखवला.

या चित्रपटाचा काही भाग आजही उपलब्ध आहे. नदीतीरी लोक प्रार्थना करीत आहेत आणि जळातून नागावर आरूढ झालेले भगवंत वर येत आहेत. कंसाला जिकडे पाहावे तिकडे कृष्णच दिसू लागतो; एकाचे अनेक होऊन ते त्याला घेरतात आणि त्याचे स्वतःचे मस्तक धडावेगळे होऊन वर तरंगते. अशा दृश्यांसाठी कॅमेऱ्याच्या भिंगाचा काही भाग काळ्या पडद्याने झाकून चित्र घ्यावयाचे, मग फिल्म हाताने मागे गुंडाळून त्याच पट्टीवर दुसरे चित्र उमटवायचे, असे तंत्र असे. हाताने फिरवण्याच्या मुठीचा एक फेरा चुकला तर सारेच बिघडे. प्रोफेसर केल्फा येथे कामी आले. पण ही हातचलाखी भागवतातल्या कथेच्या सेवेस लागली होती. कंसाला भयाने सर्वत्र कृष्ण दिसत असे, हे आपण कीर्तनात ऐकत आलो. ते डोळ्यांना दाखवण्याची सोय प्रथम दादासाहेबांनी केली.

पुढील वर्षी, १९१९ मध्ये, कालियामर्दन आला. त्यातील बाळकृष्ण म्हणजे दादासाहेबांची स्वतःची कन्या मंदाकिनी. वय असेल सातेक वर्षांचे. हा चित्रपट जवळजवळ संपूर्ण टिकला आहे आणि त्याचा आरंभ पाहण्यासारखा आहे. कथा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर मंदाकिनीचा चेहरा येतो, तिच्या रोजच्या रूपात. ती हसते, रागावते, रुसते, नाना भाव दाखवते. आणि मग पाहता पाहता त्या मुलीच्या जागी मुकुटधारी बाळकृष्ण उभा राहतो.

या आरंभापाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो. देवाला तिकिटाच्या खेळात उभे करणे हा अधर्म होय, असा आक्षेप त्या काळच्या कर्मठ मंडळींच्या मनात होता. तो आक्षेप अगदीच पोकळ होता असे आम्ही म्हणणार नाही. पैशासाठी देवाचे सोंग आणणारे पुढे पुष्कळ निपजले आणि दादासाहेबांनाही पैसा हवा होताच. त्यांनी तो कधी लपवला नाही. परंतु ज्याला भोळ्या लोकांना फसवायचे असेल, तो आपल्या मुलीचा उघडा चेहरा आधी दाखवील काय? ही माझी मुलगी आहे, हिला मी कृष्ण केले आहे, असे जणू ते सांगून टाकतात. भाद्रपदात आपण कुंभाराकडून मूर्ती आणतो. ती माती आहे हे जाणून आणतो, प्राणप्रतिष्ठा करतो आणि मग तिच्यापुढे खऱ्या भावाने हात जोडतो. दादासाहेबांनी पडद्यावर हेच केले. म्हणून मंदाकिनीला ओळखूनही लोकांनी बाळकृष्णाला नमस्कार केला आणि त्यात त्यांची काही फसगत झाली नाही.

पुढे या चित्रपटात लोणी चोरणे आहे, सवंगड्यांच्या खोड्या आहेत आणि अखेरीस डोहातील ते युद्ध आहे. पाण्यात कालियाशी झुंजणारे एवढेसे मूल आणि काठावर प्राण कंठाशी आलेले गोकुळ, अशी दृश्ये आलटून पालटून येतात. ती पाहताना, आपलेच लेकरू पाण्यात उतरवणाऱ्या बापाच्या आणि काठावर असलेल्या आईच्या काळजाचे काय होत असेल, असा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

इतके यश आले आणि भागीदारांशी पुन्हा बिनसले. हिशेब, खर्च, काम किती दिवसांत व्हावे, यांवरून तंटे वाढले. दादासाहेबांचा स्वभाव मानी होता. हाताखालच्या माणसांना जीव लावणारा, पण बरोबरीच्यांचे ऐकून न घेणारा. दोष एकाच बाजूला होता असे आम्हांस वाटत नाही. ते सर्व सोडून सहकुटुंब काशीस गेले. काशीत विश्वनाथाजवळ धुंडिराज गणपतीचे स्थान आहे. त्याच्या नावाचा हा भक्त व्यवहाराला कंटाळून त्याच्याच दारी गेला. तेथे त्यांनी रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. इकडे संदेशकार अच्युतराव कोल्हटकर यांनी आपल्या पत्रातून त्यांना परत येण्याची जाहीर विनवणी केली. अखेर ते नाशिकला परतले आणि त्याच कंपनीत, आता पगारी दिग्दर्शक म्हणून, पुष्कळ वर्षे चित्रपट काढीत राहिले. त्या वर्षांविषयी सांगण्यासारखे थोडे आहे.

१९३१ मध्ये आलम आरा बोलू लागला आणि मूकपटांचे दिवस सरले. दादासाहेबांचा सेतुबंधन तयार झाला तो मूकपट म्हणून. पुढे त्याला ध्वनीची जोड द्यावी लागली. त्यानंतर कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण हा बोलपट केला. तो १९३७ मध्ये आला; तेव्हा त्यांचे वय ६७ होते. हा त्यांचा अखेरचा चित्रपट. नाशिक-त्र्यंबकची मंडळी गोदावरीला गंगाच म्हणतात. तिच्या उगमाशी जन्मलेल्या पुत्राच्या हातून शेवटची सेवा झाली ती गंगेच्या अवतरणाची.

उरलेली वर्षे नाशिकला ओढग्रस्तीत गेली. ज्या धंद्याने अनेकांना बंगले आणि मोटारी दिल्या, त्याच्या संस्थापकाला औषधपाण्याची विवंचना पडली. तरी पुन्हा एक चित्रपट काढावा, हा हेका सुटला नव्हता. दुसऱ्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते आणि चित्रपट काढण्यास परवाना लागे. तो त्यांना मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

लहान-मोठे मिळून शंभराहून अधिक चित्रपट त्यांनी केले. ती फिल्म नायट्रेटची. उष्णतेने पेट घेणारी, दमट हवेत आपोआप विरघळणारी. त्यामुळे बहुतेक सारे नष्ट झाले. राजा हरिश्चंद्र, लंकादहन आणि श्रीकृष्णजन्म यांचे काही तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केले. आणि कालियामर्दन मात्र बहुतांशी जसाच्या तसा राहिला आहे: आरंभी ती हसणारी, रुसणारी सात वर्षांची मुलगी आणि शेवटी नागाच्या फणेवर नाचणारा नंदाचा कान्हा.